सिगारला शोभेल अशी बैठक

वाल्मीकला ती सिगार मिळाली त्याच संध्याकाळी त्याने ती कारखान्याच्या सायकल स्टँडला टेकून उभ्या उभ्या ओढून टाकली असती, तर जास्तीत जास्त काय झालं असतं? ठसका लागला असता, डोळ्यांत पाणी आलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे ती गोष्ट विसरले असते. पण वाल्मीकने ठरवलं, की एवढी मोलाची वस्तू अशी वाया घालवायची नाही. जपून ठेवायची आणि योग्य वेळ आली की ओढायची. इथेच त्याचं घोडं पेंड खायला लागलं.

तसा तो सगळं ठेवणीत टाकणारा माणूस. नवा शर्ट शिवला, की तो 'चांगल्या प्रसंगासाठी' ट्रंकेत जायचा. (चांगला प्रसंग यायचा तोवर वाल्मीकचं पोट पुढे यायचं आणि शर्ट मेव्हण्याला जायचा.) घरातला चिनी मातीचा टी-सेट लग्नात मिळालेला होता आणि त्यातून अजून कुणीही चहा प्यायलेलं नव्हतं. अशा माणसाच्या हातात सिगार पडली, हे सिगारचंच दुर्दैव.

ती दिली एका जर्मन इंजिनिअरने. सातपूरच्या ज्या कारखान्यात वाल्मीक कारकून होता, तिथे नवं मशीन बसवायला हा गोरा आला होता. नाशकात येऊन त्याने पहिल्याच दिवशी मिसळ खाल्ली आणि पुढचा आठवडाभर तो मशीनपेक्षा संडासातच जास्त दिसू लागला. तेव्हा वाल्मीकने घरून मुगाची मऊ खिचडी आणि ताक नेऊन त्याला माणसांत आणलं. जाताना गोऱ्याने त्याला मिठी मारली, खिशातून बोटापेक्षा जाड एक सिगार काढून दिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बजावलं, की ही सुकू देऊ नकोस, चांगल्या खुर्चीत बसून ओढ, आणि सोबतीला चांगलं माणूस असू दे.

आता खरं म्हणजे चांगलं माणूस वाल्मीककडे दर रविवारी येतच होतं. भिमाजी, म्हणजे वाल्मीकचा साडू. वाल्मीकची बायको सिंधू, तिची थोरली बहीण सुमनबाई ही भिमाजीची बायको. भिमाजीची पिंपळगाव बसवंतला शेती होती आणि स्वतःचा टेम्पो होता. रविवारी नाशकात माल उतरवला, की तो टेम्पो द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत वाल्मीकच्या दाराशी लावायचा. मग दोघे साडू मागच्या दाराच्या पायरीवर बसायचे. एक विडी पेटायची. भिमाजी दोन झुरके मारून ती वाल्मीककडे द्यायचा, वाल्मीक दोन मारून परत द्यायचा. विड्यांचं अख्खं बंडल खिशात असलं तरी पेटायची एकच. बोलणं फारसं नसायचंच. कांद्याचा भाव, पोरांचे ताप, सासूबाईंचे डोळे. पण तीच विडी कारखान्यात ओढली की पाचोळा पेटल्यासारखी लागायची आणि इथे पायरीवर मात्र तिला काही वेगळीच गोडी यायची. हे वाल्मीकच्या कधी लक्षातच आलं नाही. घरचं फुकटचं सुख कुणाच्या लक्षात येतं?

सिगार आली त्या रविवारी त्याने ती मोठ्या दिमाखात भिमाजीला दाखवली.

"हे काय हाय, साडूभाऊ? काळं गाजर?" भिमाजीने हुंगून पाहिलं. "वास झ्याक हाय गड्या. काढा काडी!"

"छे छे!" वाल्मीकने सिगार हिसकावून घेतली. "ही अशी पायरीवर बसून ओढायची वस्तू नाही."

"मंग काय पाटावर बसून ओढायची? रांगोळी काढून?"

"तिला बैठक लागते. आरामखुर्ची लागते. बरोबर तसं माणूस लागतं."

भिमाजी हसला आणि त्याने विडी पेटवली. 'तसं माणूस' म्हणजे आपण नव्हे, हे त्याला तेव्हा कळलं असेलच. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

वाल्मीकच्या डोक्यात मात्र बैठक पक्की झाली होती. खुर्ची शेजारच्या होमिओपॅथी डॉक्टरांकडून मागून आणायची आणि माणूस म्हणून कारखान्याच्या मॅनेजर साहेबांना बोलवायचं. साहेब पुण्याचे, उंच, कमी बोलणारे. असा माणूस आपल्या घरी बसलाय, खोलीत निळा धूर तरंगतोय आणि आपण अर्धे डोळे मिटून 'युरोपातलं हवामान' या विषयावर बोलतोय, असं चित्र त्याला दिसू लागलं. (युरोपातल्या हवामानाबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं, की तिकडे थंडी असते.) त्याने धीर करून साहेबांना पुढच्या रविवारी सिगारचं आमंत्रण दिलं आणि साहेब चक्क हो म्हणाले.

आता प्रश्न उरला भिमाजीचा. रविवार म्हणजे भिमाजी येणारच, आणि येणार तोही कांद्याच्या फोलपटांनी माखलेल्या सदऱ्यात, मळकी टोपी मागे सारून, 'काय साडूभाऊ!' असं गल्लीच्या तोंडापासून ओरडत. मग वाल्मीकने निरोप धाडला, की येत्या रविवारी मी आणि सिंधू एका लग्नाला जाणार आहोत, तेव्हा खेप घालू नका.

हे सिंधूला कळलं तेव्हा ती भाजी चिरत होती. चिरता चिरता थांबली.

"कुणाचं लग्न?"

"आहे एकाचं."

"अहो, दाजींशी खोटं बोलायचं काही कारण?"

"तुला नाही कळायचं," वाल्मीक म्हणाला. हे वाक्य उच्चारणाऱ्या नवऱ्याचं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

त्या दिवसांत सासूबाई, म्हणजे कुसाबाई, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला वाल्मीककडेच मुक्कामाला होत्या. त्यांना मिश्री लागायची. पहाटे उठून दाताला मिश्री लावल्याशिवाय त्यांचा दिवस उगवायचा नाही. तिची तंबाखू दर रविवारी भिमाजी पिंपळगावच्या बाजारातून आणून द्यायचा आणि म्हातारी ती तव्यावर काळीशार होईस्तोवर भाजायची. भिमाजीचा रविवार रद्द केला म्हणजे म्हातारीची तंबाखूही रद्द झाली, हा हिशेब वाल्मीकच्या ध्यानातच आला नाही.

आणखी एक घोटाळा त्याने आधीच करून ठेवला होता. सिगार सुकू द्यायची नव्हती. आता आपल्या घरात न सुकवता ठेवायची वस्तू कोणती? नागवेलीची पानं. ती कशी ठेवतात? ओल्या फडक्यात गुंडाळून, पानाच्या डब्यात. वाल्मीकने सिगारवरचा चकचकीत कागद काढला, तिला ओल्या फडक्यात नीट गुंडाळलं आणि कात-सुपारीशेजारी पानाच्या डब्यात निजवलं. रोज सकाळी तो फडकं नव्याने ओलं करायचा. पोटच्या पोराचंही त्याने इतकं केलं नसेल.

रविवार उजाडला. साहेबांना गल्ली सापडायची नाही म्हणून वाल्मीक इस्त्रीचे कपडे घालून द्वारकेच्या चौकात जाऊन उभा राहिला. साहेब स्कूटरवरून आले. दोघे घराशी पोचतात तो दारातून, खिडकीतून, कौलांच्या फटींतून धुराचे लोट बाहेर येत होते. शेजारचे डॉक्टर नाकाला रुमाल लावून ओट्यावर उभे होते.

साहेबांनी हवेत नाक उंचावलं. "वा! माझ्या आधीच सुरुवात केलीत वाटतं?"

"नाही सर, सासूबाई मिश्री भाजताहेत," वाल्मीक ओशाळून म्हणाला. भिमाजी आला नाही, तर तंबाखू कुठून आली, हा विचार एखाद्या शहाण्या माणसाच्या मनात आला असता. वाल्मीक मात्र खुर्चीच्या विचारात होता. त्याने साहेबांना आरामखुर्चीत बसवलं, खिडक्या उघडल्या, ट्रंकेतला टी-सेट बाहेर काढायला लावला आणि हवामानाचा विषय काढणार, इतक्यात गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा भोंगा वाजला.

भिमाजी आला होता. साडू-मेहुणी लग्नाला गेल्यावर म्हातारी घरात एकटी राहील, तिची तंबाखूही संपली असेल, म्हणून तो मुद्दाम वाकडी वाट करून आला होता. एका खांद्यावर कांद्याचं पोतं, हातात तंबाखूची पुडी. दारात आला आणि इस्त्रीचे कपडे घातलेल्या साडूकडे बघतच राहिला.

"आँ? साडू..." एवढं म्हणून त्याची नजर खुर्चीतल्या साहेबांकडे गेली आणि तो थांबला.

"कोण हे?" साहेबांनी सहज विचारलं.

त्या वेळी वाल्मीकने एवढंच म्हणायचं होतं, की हे माझे साडू, भिमाजीराव. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण त्या दिवशी त्याच्या जिभेला कणाही नव्हता. तो म्हणाला, "हे... हे कांदेवाले, सर. घरपोच कांदे देतात."

स्वयंपाकघरात कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

भिमाजीचा चेहरा हललासुद्धा नाही. त्याने पोतं खाली उतरवलं, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "व्हय साहेब. कांदे द्यायलाच आलो व्हतो."

"चांगले दिसताहेत. आम्हालाही द्या की थोडे. काय भाव?"

"तुमाला भाव नाय, साहेब. ह्या घरच्या पाव्हण्याला आमी कांदे इकत नसतो."

असं म्हणून भिमाजीने कांदे एका पिशवीत भरले, स्वतः नेऊन साहेबांच्या स्कूटरला बांधले, तंबाखूची पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि टेम्पो चालू करून निघून गेला. वाल्मीककडे त्याने वळून पाहिलं नाही. वाल्मीकला त्याच्यामागे पळावंसं वाटत होतं. पण साहेब बसले होते ना!

"अशी माणसं राहिली नाहीत हो आता," साहेब म्हणाले. "बरं, तुमची ती सिगार?"

वाल्मीक आत गेला. पानाच्या डब्यात ओलं फडकं होतं आणि फडक्यात काही नव्हतं. त्याने कात काढला, सुपारी काढली, डबा उलटा केला. मग डाळीचे डबे, मिठाची बरणी, देवामागची जागा. बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या साहेबांशी बराच वेळ काहीबाही बोलत होत्या आणि साहेब 'हो का? अस्सं!' म्हणत होते. पण ते ऐकायला वाल्मीकला शुद्ध कुठे होती?

शेवटी सासूबाई आत आल्या. बोटाला काळी मिश्री, डोळ्यांत पाणी.

"जावाईबापू," त्यांनी वाल्मीकच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, "तुमाला मी उगा कोरडं मानूस समजत व्हते. म्हातारीची तंबाखू सरली तर न सांगता, ओल्या फडक्यात बांधून, पानाच्या डब्यात आनून ठिवली! सख्ख्या लेकानं केलं नसतं. फक्त एक सांगते, रागावू नका. पुढच्या टायमाला ही घेऊ नका. दिसायला तेलकट, भाजाया गेलं की नुस्ता धूर. भिमाजी आनतो ती बरी."

वाल्मीकने रिकामं फडकं पिळून डब्यात परत ठेवलं. त्याने बाहेर येऊन साहेबांना सिगार सापडत नसल्याचं कसंबसं सांगितलं.

"बरं झालं!" साहेब मोकळेपणाने म्हणाले. "खरं सांगू का? सिगारने मला घेरी येते. मी आपला विडीवाला. तुम्ही इतक्या अगत्याने बोलावलंत म्हणून नाही म्हणवेना."

वाल्मीकच्या खिशात विड्यांचं बंडल होतं. ते काढायची त्याची छाती झाली नाही.

साहेब गेल्यावर सिंधू एवढंच म्हणाली, "आज माझ्या बहिणीच्या नवऱ्याला कांदेवाला केलंत. उद्या कुणी मोठं आलं, तर मला कोण म्हणून सांगाल? भांडीवाली?"

वाल्मीकने ठरवलं, की पुढच्या रविवारी भिमाजी आला, की पायरीवर बसायचं, विडी पेटवायची आणि विषय मिटवून टाकायचा.

भिमाजी आला. पण त्याने टेम्पो दाराशी लावला नाही. गल्लीच्या तोंडाशी लावला आणि तिथूनच आरोळी दिली, "कांदेऽऽ!" मग दाराशी येऊन त्याने सिंधूच्या हातात पोतं दिलं, सासूबाईंची तंबाखू दिली आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत या ना, साडूभाऊ," वाल्मीक म्हणाला.

"नगं. साहेब आले म्हंजी पंचाईत व्हईल. तुमचा शबूद खाली पडाया नको."

हा टोमणा होता की माया, हे वाल्मीकला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. आणि मग हे दर रविवारचंच झालं. कांदे यायचे, मुक्काम वाढवलेल्या सासूबाईंची तंबाखू यायची, सणावाराला सिंधूसाठी साडीसुद्धा यायची, पण भिमाजीने उंबरा ओलांडला नाही. वाल्मीक पायरीवर एकटाच बसायचा. अख्खी विडी एकट्याला मिळायची, पण अर्ध्यावरच कडू लागायची आणि तो ती विझवून टाकायचा. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. हे काय मिटवायचं?

त्यातून साहेबांना ते कांदे फार आवडले. सुटीच्या दिवशी ते स्कूटर काढून थेट पिंपळगावला जाऊ लागले. सोमवारी ऑफिसात आले की वाल्मीकला सांगायचे, "काल गेलो होतो तुमच्या कांदेवाल्यांकडे. काय माणूस आहे हो! कांदे साठवायच्या चाळीत बसलो, एकच विडी दोघांनी ओढली, दोन तास कसे गेले कळलं नाही." वाल्मीक मान डोलवायचा आणि फायलीत तोंड घालायचा. आपली पायरीवरची जागा दुसऱ्याने घेतली, हे बोलणार तरी कुणाला?

असंच चालत चालत काही वर्षं गेली, एक्क्याऐंशी साल आलं आणि भिमाजीच्या मुलीचं लग्न निघालं. पिंपळगावला मोठा मांडव पडला. वाल्मीक नवरीचा मावसा. त्याला मानाचा टॉवेल-टोपी मिळणार, पहिल्या रांगेत खुर्ची मिळणार. आज सगळ्यांदेखत भिमाजीच्या गळ्यात पडायचं, असं ठरवून तो ठेवणीतला शर्ट घालून (पोट आत ओढून) मांडवात शिरला आणि जागीच थिजला. पहिल्या रांगेत साहेब बसले होते.

भिमाजी हळूच जवळ आला. "साहेबाला बोलवल्याबिगर राहवलं नाय. लय जीव हाय त्यांचा. आता मानाला उठायचं का न्हाई, तुमीच ठरवा, वाल्मीकराव. म्या काय बोलनार नाय."

साडूभाऊ म्हणायचं त्याने कधीच सोडलं होतं.

वाल्मीक मागे जाऊन कांद्याच्या व्यापाऱ्यांमध्ये बसला. लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, "नवरीच्या मावसोबांनी मानाला यावं!" सिंधू बायकांतून मान उंच करून बघत होती. वाल्मीक अर्धा उठला. साहेबांनी मागे वळून पाहिलं. वाल्मीक चप्पल सापडत नसल्यासारखं करून खाली बसला. पुन्हा पुकारा झाला. शेजारच्या व्यापाऱ्याने विचारलं, "आले नाय का हो मावसा?" वाल्मीक म्हणाला, "दिसत नाहीत खरे." शेवटी मान रिकामा जाऊ नये म्हणून भिमाजीने तो टॉवेल साहेबांच्या खांद्यावर टाकला आणि टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. टाळ्या वाजल्या. वाल्मीकनेही वाजवल्या.

सिंधू बहिणीकडेच राहिली. आपण बरोबर जायचं का, हे तिने विचारलंही नाही. साहेबांनी वाल्मीकला स्कूटरवर मागे बसवून घेतलं. द्वारकेच्या चौकात त्यांनी स्कूटर थांबवली, डोक्यावरची टोपी काढली आणि वाल्मीकच्या हातात दिली.

"ही घ्या. भिमाजींनी तुमच्या मापाची आणली होती. मला घट्ट होते. डोकं दुखायला लागलं."

वाल्मीकचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे सर... तुम्हाला..."

"अहो, सिगार शोधायला तुम्ही आत गेलात ना, तेव्हाच तुमच्या सासूबाईंनी सांगितलं मला. म्हणाल्या, हा धाकटा जावई आणि आत्ता कांदे बांधून गेला तो थोरला. भिमाजींनाही ठाऊक आहे मला माहीत असल्याचं. पण आम्ही म्हटलं, माणूस आपणहून बोलेल कधीतरी. आज तरी उठाल असं वाटलं होतं. इतकी वर्षं आम्ही तिघं वाट बघतोय. मी, भिमाजी आणि तुमच्या सासूबाई."

वाल्मीकने टोपी डोक्यावर ठेवली. ती अगदी बरोबर बसली. रडावं की काय करावं, त्याला कळेना. मग त्याच्या लक्षात आलं, की मोजदादीत एक नाव राहिलंय.

"आणि सिंधू?" त्याने आशेने विचारलं.

"त्यांनी पहिल्याच वर्षी नाद सोडला," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.